परिकल्पना, चल आणि कामगार



काल याच वेळी ज्या खुर्चीवर एक नामवंत प्राध्यापक बसले होते, त्या खुर्चीवर आज कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता बसलेला पाहून आपल्यापैकी काहींना चुकल्याचुकल्यासारखे वाटत असेल. आम्हालाही वाटते आहे. चालकांनी विषय कळविला, ‘संशोधनातील परिकल्पना आणि चल’, तेव्हा निरोप चुकून आमच्याकडे आला असावा असेच आम्ही धरून चाललो होतो. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही झाले ते रात्री, नगर वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश उशाला घेऊन. तसे आम्ही चालकांना सांगितलेही. ते म्हणाले, ‘तुम्ही गेटवर त्या अपघातांच्या वहीची हकीकत सांगता ना, तीच इथे सांगा. बाकीचे आमचे आम्ही समजून घेऊ.’ तेव्हा ती वही आणि तिच्याबरोबर एका परमुलखातल्या कारखान्याची गोष्ट, एवढीच आमची आजची शिदोरी आहे.

प्रथम शब्दांचा निकाल लावू. आपल्याकडे गृहीतक आणि परिकल्पना हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने फिरतात. आम्ही त्यांत भेद करतो. जे आपण न तपासता मनाशी धरून चालतो ते गृहीतक. जे आपण तपासण्यासाठी मुद्दाम पुढे मांडतो, आणि कोणती गोष्ट घडली असता ते खोटे ठरेल हेही आधीच सांगून ठेवतो, ती परिकल्पना. ‘रात्रपाळीने माणूस थकतो’ हे सगळेच म्हणतात. पण ‘रात्रपाळीच्या शेवटच्या दोन तासांत पहिल्या दोन तासांपेक्षा जास्त बोटे तुटतात’ असे म्हटले की वही उघडता येते, मोजता येते, आणि आपली चूक असल्यास तोंडघशीही पडता येते. तोंडघशी पडण्याची सोय ज्या विधानात नाही, ते विधान गेटसभेला ठीक असेल, संशोधनाला नाही.

आता चल. बदलते ते चल. पाळी, उजेड, मजुरी, वय, विश्रांतीची मिनिटे, तयार झालेले नग, ही सगळी चले. ज्याचा परिणाम पाहावयाचा ते स्वाश्रयी चल, आणि परिणाम ज्याच्यावर पाहावयाचा ते आश्रयी चल, असे पाठ्यपुस्तकांत म्हणतात. नावे आम्हाला मोठी मौजेची वाटतात. कारखान्यात पूर्णपणे स्वाश्रयी असे काही आम्ही अजून पाहिलेले नाही, मालकसुद्धा बाजाराच्या आश्रयाने राहतो! पण शास्त्रात स्वाश्रयी म्हणजे एवढेच, की या प्रयोगापुरते ते आपण बदलणार आणि दुसरे त्याच्यामागे बदलते की नाही ते पाहणार. खरी मेख तिसऱ्याच प्रकारच्या चलात असते. ते आपण बदललेले नसते, मोजलेले नसते, पुष्कळदा आपल्या ध्यानीमनीही नसते. पण आपण एक बदलीत असता ते गुपचूप बरोबर बदलते आणि परिणामाचे श्रेय दुसऱ्यालाच मिळते. आजचे सारे बोलणे या तिसऱ्यासंबंधी आहे.

आता परमुलखातली गोष्ट. अमेरिकेत शिकागो शहराला लागून सिसेरो म्हणून गाव आहे. तेथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा अवाढव्य कारखाना होता. टेलिफोनची यंत्रसामग्री तेथे तयार होई, आणि हजारोंनी माणसे कामाला असत. कारखाना १९८०च्या दशकात बंद पडला. पण व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नाव अजून अजरामर आहे. आम्हाला ते नाव प्रथम कळले ते वाटाघाटीच्या टेबलावर. कर्मचारी खात्याचे एक तरुण अधिकारी आम्हाला म्हणाले, ‘साहेब, पगारवाढीने उत्पादन वाढत नाही, आपुलकीने वाढते. हॉथॉर्नला हे सिद्ध झाले आहे.’ त्या क्षणी आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते पुस्तक शोधू लागलो. इंग्रजी यथातथा, त्यामुळे महिने गेले. पण ती मेहनत फुकट गेली असे आम्ही म्हणणार नाही.

प्रारंभ १९२४ साली झाला. परिकल्पना साधी होती: उजेड वाढविला तर काम वाढेल. दिवे बनविणाऱ्या कंपन्यांना हे सिद्ध झालेले हवेच होते, आणि राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या ज्या समितीने हे काम हाती घेतले, तिचे मानद अध्यक्षपद थॉमस एडिसन यांच्याकडे होते. काही विभागांत उजेड कमीजास्त करून पाहिला. काम आपल्या मर्जीने वर-खाली होत राहिले. मग दोन गट केले. एका गटाचा उजेड बदलावयाचा, दुसऱ्याचा आहे तसाच ठेवावयाचा. हा दुसरा, तुलनेचा गट हीच या शास्त्रातली मोठी युक्ती आहे. शेजाऱ्याच्या मुलाचा ताप औषधाशिवाय तितक्याच दिवसांत उतरला असेल, तर आपल्या मुलाच्या औषधाचा गवगवा कशाला? येथे तसेच झाले. दोन्ही गटांचे काम सारखेच वाढले. मग एका गटाचा उजेड पायरीपायरीने कमी केला. तरी काम पडेना. ‘आता दिसतच नाही’ अशी तक्रार आली, तेव्हा कुठे ते घसरले. शेवटी दोन कामगार बायांना एका खोलीत बसवून जवळपास चांदण्याइतका उजेड ठेवला, तरी त्यांनी आपले काम चालूच ठेवले.

१९२७ साली दुसरा प्रयोग सुरू झाला. टेलिफोनच्या यंत्रात रिले नावाचा एक बारकासा भाग असतो. सुमारे ३५ सुटे तुकडे हातांनी जुळवून तो तयार होतो आणि सराईत हाताला त्यास मिनिटभर लागतो. हे काम करणाऱ्या पाच तरुणी आणि त्यांना सामान पुरविणारी सहावी अशा सहाजणींना मोठ्या विभागातून काढून वेगळ्या खोलीत बसविले. तयार रिले प्रत्येकीपुढच्या पन्हळीत पडला की कागदाच्या पट्टीवर भोक पडून त्याची नोंद होई. मग वर्ष-दीड वर्ष बदल चालले. मधल्या सुट्ट्या दिल्या, प्रथम पाच-पाच मिनिटांच्या दोन, मग दहा-दहा मिनिटांच्या, मग पाच मिनिटांच्या सहा. फराळ दिला. दिवस अर्ध्या तासाने आखूड केला, मग एका तासाने. शनिवारची सकाळ सोडली. एक-दोन खेपा सोडल्या तर काम चढतच गेले. मग १९२८ च्या शरदात सगळ्या सवलती काढून घेतल्या आणि आठवडा पूर्ववत् ४८ तासांचा केला. तरी आठवड्याचे काम चढेच! दोन-अडीच वर्षांत ही वाढ सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेली.

यावरून जे अनुमान निघाले ते जगभर पसरले. हार्वर्ड विद्यापीठातले एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी यांचा निष्कर्ष असा, की विश्रांती, तास, मजुरी यांच्यापेक्षा माणसाकडे दिलेले लक्ष, गटातला जिव्हाळा, सुपरवायझरचे ममतेचे वागणे यांनी काम वाढते. रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांचा जाडजूड ग्रंथ १९३९ साली निघाला. ‘हॉथॉर्न परिणाम’ हा शब्द रूढ झाला: आपल्यावर कोणी नजर ठेवून आहे एवढ्यानेच माणूस वेगळे वागतो. हा शब्द अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. घड्याळ घेऊन टाइम स्टडीवाला शेजारी उभा राहिला की आमचे लोक वेगळे वागतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. फक्त ते वेगाने नव्हे, सावकाश काम करतात. कारण त्या वेगावरच उद्याचा दर ठरणार असतो. नजर तीच, परिणाम उलटा. नजर कोणाची आणि कशासाठी, हे चल मोजल्यावाचून ‘नजरेचा परिणाम’ म्हणण्यात काय हशील?

आता त्याच ग्रंथातली जी पाने अधिकारी मंडळी वाचावयाची विसरतात ती पाहू. १९६७ साली अॅलेक्स केरी नावाच्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकाने ती वाचून सगळ्यांच्या पुढे मांडली, पण मूळ नोंदी ग्रंथातल्याच आहेत, कोणी चोरून आणलेल्या नाहीत.

पहिली नोंद. त्या खोलीत नेल्यावर मजुरीची रीत बदलली. मोठ्या विभागात शंभरेक जणींच्या एकत्र कामावर मजुरी ठरे. तेथे एकीने जीव तोडून काम केले तरी तिच्या पदरात त्यातले चिमूटभर पडावयाचे. खोलीत आल्यावर मजुरी त्या चिमुकल्या गटाच्याच कामावर ठरू लागली. आपल्या घामाचे पैसे आपल्यालाच दिसू लागले. तेव्हा सुट्ट्यांचा परिणाम पाहण्यासाठी मांडलेल्या प्रयोगात पहिल्या काही आठवड्यांतच मजुरीचे चलही हलविले गेले. शिवाय खोलीत रिलेचे प्रकारही कमी येत. एकाच तऱ्हेचा माल सतत हाताखालून गेला की हात बसतो, हे येथे बसलेल्या कोणत्याही शिवणकाम करणाऱ्या भगिनीला सांगावे लागणार नाही.

दुसरी नोंद आम्हाला अधिक बोचते. पाचजणींपैकी दोघी कामाच्या वेळी फार बोलतात, सहकार्य करीत नाहीत, असे म्हणून जानेवारी १९२८ मध्ये त्यांना खोलीतून काढले. त्यांच्या जागी दोन अनुभवी, चपळ हातांच्या तरुणी आणल्या. त्यांपैकी एकीवर घरची जबाबदारी होती. पैशाची निकड तिला होती आणि बाकीच्यांनाही ती पुढे रेटीत असे. यानंतर काम झपाट्याने वाढले. ममतेच्या सुपरवायझरीची जी कीर्ती जगभर गेली, तिच्यात दोघींना काढल्याची गोष्ट कशी बसावयाची? ज्या प्रयोगात माणसेच बदलली, त्यातल्या वाढीचे श्रेय सुट्टीला द्यावयाचे की फराळाला की प्रेमाला, हे ठरवावयाचे कसे? आणि ‘फार बोलतात’ हा शेरा आम्ही आमच्या सभासदांच्या कागदांवर इतक्या वेळा वाचला आहे, की त्या दोघी काय बोलत असतील याचा थोडाफार अंदाज आम्हाला येतो. त्यांचे बोलणे मात्र कोणत्याच रकान्यात उतरलेले नाही.

तिसरी नोंद आश्रयी चलासंबंधीची. ‘काम वाढले’ म्हणजे काय वाढले? सवलती काढून घेतल्या तेव्हा आठवड्याचे एकूण नग चढे राहिले हे खरे. पण तासही वाढले होते. दर तासाचा वेग पाहिला तर तो घसरला होता. आठवडा मोजा म्हणजे एक निष्कर्ष, तास मोजा म्हणजे दुसरा. काय मोजणार हे मोजण्याच्या आधीच ठरवावयाचे असते ते एवढ्यासाठी.

संशोधकांना मजुरीचा संशय आलाच नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी आणखी दोन गट बसविले. एका गटाला जुन्याच जागी ठेवून फक्त मजुरीची रीत बदलली. काम सुमारे १२-१३ टक्क्यांनी वाढले. नऊ आठवड्यांनी हा प्रयोग बंद करावा लागला. कारण काय, तर बाकीच्या बाया म्हणू लागल्या की आम्हालाही तशीच मजुरी द्या! जुनी रीत परत आणताच त्या गटाचे काम खाली आले. दुसऱ्या गटात अभ्रकाचे पापुद्रे सोलण्याचे काम होते. तेथे मजुरी तशीच ठेवून सुट्ट्या दिल्या. तेथेही सुमारे १५ टक्के वाढ झाली, पण ती टिकली नाही. पुढे मंदीचे सावट आले आणि काम घसरले. हे हाती असूनही मजुरीचा वाटा गौण ठरविला गेला. आम्ही येथे लबाडीचा आरोप करीत नाही. माणूस जे शोधावयास निघतो ते त्याला सापडते, आणि म्हणूनच परिकल्पना आधी लिहून ठेवावयाची असते.

शेवटी १९३१-३२ मध्ये चौदा पुरुष कामगारांच्या एका खोलीत निरीक्षक नुसता बसून राहिला. तेथे गट ठरवून कमी काम करी. जो फार जोरात करी त्याच्या दंडावर बाकीचे गुद्दा मारीत. लक्ष येथेही होते, नजर येथेही होती. काम मात्र वाढले नाही. बाहेर मंदी होती, रोज माणसे कमी होत होती. काम लौकर संपविले तर दर कापतील किंवा आपल्यालाच काढतील, ही त्यांची धास्ती होती. ती त्यांची परिकल्पनाच म्हणा. पोटावर बेतणार म्हणून ती तपासून पाहण्याची मात्र कोणाची छाती नव्हती.

आणि त्या पहिल्या उजेडाच्या प्रयोगाचे काय? त्याचे मूळ आकडे नष्ट झाले अशीच समजूत होती. पुढे स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांना ते जुन्या दप्तरांत सापडले, आणि २०११ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात निघाले काय? दिवे बदलीत रविवारी, कारखाना बंद असताना. मग सोमवारचे काम वाढलेले दिसे. पण दिवे न बदललेल्या आठवड्यांतही सोमवारचे काम शनिवारपेक्षा जास्तच असे! एका दिवसाची विश्रांती घेऊन माणूस आला की हात चालतो, हे आमच्या कोणत्याही खात्यातल्या मुकादमाने सांगितले असते. ते तिसरे चल म्हणजे रविवार होता, आणि तो कोणाच्याच वहीत नव्हता.

यावर उपाय नाही काय? आहे. हॉथॉर्नचे दिवे बदलले जात होते त्याच सुमारास इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर शेतांच्या तुकड्यांवर खतांची परीक्षा करीत होते. कोणत्या तुकड्याला कोणते खत हे मनाने ठरवावयाचे नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, म्हणजे जमिनीचा कस, ओल, सावली ही न मोजलेली चलेही दोन्हीकडे साधारण सारखी वाटली जातात, असा तो मार्ग. औषधांच्या परीक्षेत आज माणसांवरही तो चालतो. पण चिठ्ठी टाकून कोणाला रात्रपाळीला आणि कोणाला धोक्याच्या मशीनवर बसवावयाचे, हे आमच्याने होणार नाही. तेव्हा आमच्यासारख्यांना वहीतच शोधावे लागते.

आता ती वही. एका इंजिनिअरिंग कारखान्यात आमची संघटना होती. नाव सांगत नाही, कारण चूक आमची आहे. तेथे पॉवर प्रेसवर पत्र्याचे भाग ठोकले जात. आम्ही अपघातांची वही मागितली, आणि बोटांचे बहुतेक अपघात रात्रपाळीत झालेले दिसले. परिकल्पना आयतीच होती: थकवा आणि अपुरा उजेड. आम्ही गेटसभा घेतल्या, निवेदने दिली, आणि रात्रपाळीला पंधरा मिनिटांची जादा सुट्टी आणि नवे दिवे मिळविले. पुढचे काही महिने अपघात एकदम कमी झाले. आम्ही पेढे वाटले. संघटनेच्या वार्षिक अहवालात आम्ही स्वतः लिहिले, की आमचे म्हणणे आकड्यांनी सिद्ध झाले.

पुढे ऑर्डरी वाढल्या आणि एका सकाळी अकरा वाजता, भर उजेडात, पहिल्या पाळीत, एका एकोणीस वर्षांच्या पोराची दोन बोटे डायखाली गेली. तो चार दिवसांपूर्वी कामाला लागला होता.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो असता एक जुने फिटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, आम्हाला म्हणाले, ‘तुमच्या वहीत नाव आहे, वेळ आहे, पाळी आहे. तो माणूस किती दिवसांचा होता ते कुठं लिहिलंय?’

ते कुठेच लिहिलेले नव्हते. मग वहीतली जुनी नावे घेऊन आम्ही घरोघर हिंडलो. जे सापडले त्यांना एकच प्रश्न विचारला: बोट गेले तेव्हा तुला लागून किती दिवस झाले होते? बहुतेकांचे उत्तर दिवसांत आले, महिन्यांत नाही. ठेकेदार नवीन पोरांना न शिकविता थेट प्रेसवर उभे करी, आणि नवी पोरे रात्रपाळीतच असत. का? कारण सेवाज्येष्ठतेप्रमाणे दिवसपाळी कायम कामगारांना मिळावी, असा करार झाला होता. तो करार आमच्याच संघटनेने केला होता. त्यावर आमची सही आहे. मधल्या महिन्यांत अपघात घटले होते ते सुट्टीने की दिव्यांनी, हे आम्ही सांगू शकत नाही. त्या महिन्यांत बाजार मंद होता आणि नवी भरतीच झाली नव्हती, एवढे मात्र आता ठाऊक आहे. आमच्या रविवारासारखेच ते.

सुट्टी आणि दिवे मागितले यात काही वाईट झाले असे नव्हे. ते हवेच होते. पण ते मिळाल्यावर आम्ही शोधावयाचे थांबलो. त्या थांबण्याची किंमत पेढे खाणाऱ्या आमच्यापैकी कोणीही दिली नाही. नव्या पोराला निदान पहिले काही आठवडे जाणत्या माणसाच्या हाताखाली ठेवा, ही मागणी आम्ही एक वर्ष आधी करू शकलो असतो.

पुढच्या करारात ती घातली. तिच्यासाठी बसलेल्या वाटाघाटींत तेच तरुण अधिकारी होते, आता जरा पोक्त झालेले. त्यांनी विचारले, ‘हे नवेपणाचे कारण तरी खरे कशावरून? आणखी काही तिसरेच नसेल कशावरून?’ प्रश्न रास्त होता, आणि आम्ही तसे त्यांना म्हणालो. दोघांनी मिळून ठरविले, की यापुढे वहीत पाळी आणि वेळ यांच्यापुढे चार रकाने वाढवावयाचे: कामाला लागून किती दिवस, कोणी शिकविले, मशीनला संरक्षक जाळी होती की नाही, आणि त्या दिवशी किती नगांची सक्ती होती. आणि अपघात कमी झाले नाहीत तर आमची परिकल्पना चुकली असे लेखी द्यावयाचे, हेही आम्ही कबूल केले. शेवटच्या रकान्यावर अधिकाऱ्यांची फार खळखळ झाली. तो अजून पुष्कळदा कोराच येतो, आणि दर महिन्याला आम्ही तो भरून मागतो.

 कोणाला प्रश्न विचारावयाचे असतील तर आम्ही थांबतो. परतीची एसटी साडेनऊची आहे.